कशालेच न जोडलेलं हाड

आसेगाव, ता. मंगरूळपीर
४ नोव्हेंबर २०२५

स्नेहा,

जय भीम. तुही रजिस्टर चिठ्ठी भेटली. पाकिटावर "श्री. देवमन किशन इंगोले", अन् आत "महोदय". वा! छत्तीस वर्सं यष्टीत घंटी वाजवली, कोन्या पॅसेंजरनं मले महोदय म्हनलं नाई, ते काम पोटच्या पोरीनं केलं. फोन तू उचलत नाई. बरं, मीबी कागदच घेतला. फोनवर मले राग आला का बोलनं तोंडातून निसटते, कागदावर निदान खोडता येते.

तू विचारलं, हाड कुठी हाय. पयले माह्या नाकाचं आयक.

विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सांजच्याले तू आली. आदल्या दिवशीचे पांढरे कपडे दोरीवर वाळत होते. तू बॅग छपरीत ठेवली अन् मले वाटलं घरात घूस मेली. मी पलंगाखाली पाह्यलं, कोठीमागं पाह्यलं, तुह्या भागिरथा आत्यानं मोरी फिनाईलनं धुतली. अन् तू हासत म्हनली, "बाबा, तो वास माह्या बॅगचा हाय. दर्यावर मेलेला देवमासा कापला ना, त्याचं तेल कपड्यात मुरते, महिना महिना जात नाई." अशी म्हनली का जशी अत्तराची शिशी सांडली! मंग ताटावर बसून तू मोबाईलमधला फोटो दाखवला. कमरेइतकी तू त्या जनावराच्या पोटात उभी, हातात हातभर सुरी, अन् दात काढून हासून राह्यली. माह्या तोंडात वरनाचा घास होता. तो मी मोरीत जाऊन थुकला अन् ताटावर परत बसलो नाई.

तुह्या आज्यानं, म्हंजे माह्या बापानं, छप्पन साली दीक्षा घेतली अन् नागपुराहून आल्या दिवशी ढोरं सोलायची सुरी नाल्याच्या डोहात फेकली. गावचं मेलेलं ढोर त्या दिवसापासून आमच्या घरच्या मानसानं ओढलं नाई. मार खाल्ला, गावानं आमाले पिठाची गिरनी बंद केली, पन ओढलं नाई. अन् त्याची नात एमएस्सी होऊन काय करून राह्यली? मेलेलं जनावर फोडून राह्यली. वरून पगार घेऊन राह्यली. थू!

दुसऱ्या दिवशी तू बॅग इथंच ठेवून वाशीमले सुकेशनीच्या घरी गेली. एवढं मोलाचं हाड होतं तं सोबत न्यावं ना, मैत्रिनीच्या घरी वास येईल म्हनून बापाच्या घरी ठेवलं काय? मी बॅग उकंड्यावर नेऊन उलटी केली. टावेलात गुंडाळलेलं एक हाड पडलं. दीड वीत, जरासं वाकडं, पिवळट. मले वाटलं ढोराचंच. माह्या घरात ढोराचं हाड! मी बॅग जाळली, हाडबी जाळलं. सांजी तू आली, रडली, राख उकरली, अन् न जेवता गेली.

आता तू लिहिलं का ते देवमाशाच्या कमरेचं हाड होतं, जोडीतलं उजवं, तुह्या संस्थेच्या नोंदीतलं. तू ते नागपूरले यंत्राखाली तपासायले घेऊन चालली होती. देवमाशाचं हाड विकनं गुन्हा हाय अन् तू ते विकलं असा तुह्या साहेबाले संशय हाय. एक डिसेंबरले चौकशी. तोवर हाड नाई भेटलं तं नोकरी जाईल अन् केस होईल ते वेगळीच. अन् हे सगळं माह्यामुळे, काहून का साहेबानं मले फोन केला तवा मी म्हनलो, आमच्या घरी हाड आलंच नाई.

व्हय, म्हनलो. विहारासमोर आमी आठ-दहा जन बसलो होतो. यष्टीच्या इंजिनानं माहे कान गेले, म्हनून फोन मोठ्या आवाजावर. तो साहेब सगळ्यांदेखत विचारते, "तुमच्या घरात जनावराचं हाड होतं का?" शेजारचा मोहनसिंग समोरच बसला. मी म्हनलो, "साहेब, आमच्या घरात हाडं येत नाई. ते काम आमी छप्पन साली सोडलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सांग, काय चुकलं माह्यं?

तुहा बाप,
देवमन


१३ नोव्हेंबर २०२५

स्नेहा,

पाकीट भेटलं. या खेपेले महोदय नाई, जय भीम नाई, सरळ हाडाचा फोटो. जोडीतल्या डाव्याचा, बाजूले फूटपट्टी ठेवलेली. सकाळी चहाच्या टायमाले पोस्टमननं देल्लं अन् माहा चहा तसाच राह्यला.

तुह्या आत्याले वाचता येत नाई हे तुले ठाऊक हाय. तिनं मले समोर बसवून चारी पानं मोठ्यानं वाचायले लावली. वाचलं बावा. देवमाशाचे पूर्वज चार पायांनी जमिनीवर चालत होते. मंग ते पान्यात गेले, लाखो पिढ्या गेल्या, मागचे पाय गेले, अन् कमरेची दोन हाडं तेवढी राह्यली. आपल्यासारखी पाठीच्या कन्याले जोडलेली नाई. मासात नुसती लोंबकळत राह्यतात, कशालेच न जोडलेली. कोन्या कोन्या जातीत त्याच्याजवळ सुपारीएवढं मांडीचं हाडबी सापडते. सोलताना ध्यान नाई ठेवलं तं मासाच्या लगद्याबरोबर फेकल्या जाते. तू तीन दिवस त्या सडलेल्या मासात हात घालून बोटांनी चाचपत होती, तवा ते उजवं भेटलं.

इथंवर ठीक होतं. पुढं तू लिहिलं का लोकं त्याले बिनकामाचं हाड म्हनत, पन ते बिनकामाचं नाई, काहून का त्याले ते स्नायू धरून राह्यतात, नराच्या अन् मादीच्या... मी थांबलो.

"वाच ना, थांबला काहून?" भागिरथा म्हनली.

"नाई वाचत."

"आता पोरगी लिहू शकते अन् तुले वाचता येत नाई?"

वाचलं. ते इतकी हासली, इतकी हासली का तिले ठसका लागला. डोये पुसत म्हनते, "म्हंजे चालनं सुटलं, घर सुटलं, जमीन सुटली, पन ते नाई सुटलं! कोन म्हनते बिनकामाचं!" आता ते गल्लीतल्या हेमलाले सांगत बसली हाय. बापाले अशा गोष्टी लिहितात काय? शरम वाटली नाई तुले?

अन् शेवटी काय तं देवमाशाची सोयरीक पानघोड्याशी, अन् त्यातून गायी-म्हशींशी. म्हंजे माह्यं नाक बरोबर होतं. दर्यात राहो का डोहात, शेवटी ढोरच.

एक गोष्ट लिहितो अन् चिठ्ठी बंद करतो. भागिरथानं विचारलं, "हाड जळलं तं उकंड्यावर काही तुकडे दिसले नाईत?" मी म्हनलो, राख उडाली. ते म्हनली, "देवमन, हाड एका टोपलीभर कचऱ्यात जळते काय? कोनाले सांगून राह्यला तू?" तं आयक. बॅग जाळली. हाड नाई जाळलं. टाकलं. कुठी टाकलं ते विचारू नको, तिथं मी पुन्हा पाय ठेवनार नाई.

देवमन


१९ नोव्हेंबर २०२५

स्नेहा,

तुही दोन ओळींची चिठ्ठी. "बाबा, मी रात्रंदिवस हेच सांगून राह्यली का हाड घरी गेलं होतं, अन् साहेब म्हनतात तुहा बाप नाई म्हनते. दोघांतलं एक जन खोटं हाय." ते वाचून मले दोन दिवस भाकर गेली नाई.

हाडकीत टाकलं. नाल्यापलीकडची ते जागा, मेलेली ढोरं टाकायची. मले वाटलं, ढोराचं हाड, ढोराच्या जाग्यावर गेलं. मी आत गेलो नाई, बाभळीजवळून नाक दाबून फेकलं अन् पळत आलो. कपडे अंगनातच काढले, दोनदा आंघोळ केली. भागिरथानं पाह्यलं.

काल गेलो. रुमालाले बाम चोळून नाकाले बांधला. आता ढोरं गावातला पवन नावाचा पोरगा ओढते, ट्रॅक्टरले साखळी बांधून, ग्रामपंचायतीच्या सांगन्यावरून. कोन्याबी जातीचा असो, ट्रॅक्टरले कोनी काही म्हनत नाई. लम्पी रोगाच्या वर्सी जेवढी मेली ती सगळी तिथंच हायेत. स्नेहा, शेदोनशे ढोरांची हाडं. बरगड्या, कवट्या, खुरं, एकावर एक. अन् त्यात परवाच टाकलेला एक बैल, पोट फुगून नगारा झालेलं, डोळ्यांच्या जागी किडे वळवळ करून राह्यले. कुत्र्यांनी मागून खायले सुरुवात केली होती. तोंड रक्तानं माखलेलं एक कुत्रं माह्याकडे असं पाहे का जसा मी त्याच्या पंगतीले आलो. बाम काहीच कामाचा नाई. तो वास नाकातून नाई, तोंडातून जाते, जिभेवर बसते. मले बाभळीखाली उलटी झाली. सकाळचा चहा, रात्रीची भाजी, सगळं. तसाच परत आलो.

पवनले इचारलं, "तू शोधून देतं काय बावा? फोटो हाय." तो म्हनला, "काका, मले ढोर ओढता येते. हाडात हाड कोनतं ते मले काय समजते? मले तं सगळी सारखीच."

घरी येऊन भागिरथाले सांगतलं का नाई सापडत, कोनाच्या बापाले नाई सापडत. ते ज्वारी निवडून राह्यली होती. मान वर न करता म्हनली, "तुह्या बापाले नसतं सापडलं. तुले सापडंल."

मी सूप लाथाडलं. ज्वारी घरभर झाली. मले काहून सापडंल ते तुले सांगायची गरज नाई.

देवमन


२४ नोव्हेंबर २०२५

स्नेहा,

सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्साचा होतो, भागिरथा चौदाची. घरात खायले काही नाई. बाप खडी फोडायच्या कामावर, दहा-दहा दिवस तिकडेच. मंगरूळच्या रोडवर हाडाचा व्यापारी ट्रक घेऊन ये. पोतंभर हाडं देल्ली का तो टोपलीभर जवारी दे. ढोरं त्या वर्सी माश्यांसारखी मेली होती. मी हाडकीत जायले लागलो. पयल्या दिवशी ओकलो, तिसऱ्या दिवशी ओकलो नाई. मले त्या गोष्टीची आजबी सगळ्यात जास्त किळस येते, का तिसऱ्या दिवशी मले काहीच झालं नाई.

व्यापाऱ्याचा मानूस पोत्यात हात घालून हाडं तपासे. लांब हाड पयले घे, बरगडी मंग, मास चिकटलेलं असलं तं पोतं अंगावर फेके. म्हनून मी हाडं हातानं वळखायले शिकलो. डोळे मिटून सांगे, हे पुढच्या पायाचं, हे मागच्या. ढोराच्या हरेक हाडाले दुसऱ्या हाडाची जागा असते. कुठी वाटी, कुठी गोळा, कुठी खाच. बोट फिरवलं का समजते, कोनाशेजारचं हाय. हे मले कोन्या कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नाई.

एक दिवस बाप अचानक आला अन् छपरामागं पोतं भेटलं. त्यानं आमाले दोघांले समोर उभं केलं. "कोनं आनलं?" भागिरथा म्हनली, "म्या."

बापानं तिले मारलं नाई. मारलं असतं तं बरं झालं असतं. त्यानं फक्त तिच्या हातचं पानी घेनं बंद केलं. पुढच्या वर्सी तिले मानोऱ्याकडे देल्लं. माहेरपनाले येई, तांब्या भरून समोर उभी राही, बाप तोंड फिरवे. मरायच्या दिवशीबी तिनं पानी लावलं तं त्यानं ओठ मिटून घेतले. मी बाजूले उभा होतो, इस्त्रीच्या कपड्यात. बोललो नाई. गावात सगळे म्हनतात देवमनसारखा स्वच्छ मानूस नाई, दोन टाईम आंघोळ. आता तुले समजलं असंल त्या आंघोळी कायच्या होत्या.

तुह्या बॅगचा वास घान होता, ते मी मागं घेत नाई. पन ताटावरून मी उठलो ते तुह्यामुळे नाई उठलो. तू हासून राह्यली होती, स्नेहा. सडलेल्या मासात उभी राहून, सुरी हातात धरून, अन् तुले कायचीच शरम नव्हती. ते मले पाहवलं नाई. अन् विहारासमोर फोनवर मी पुन्हा तेच केलं. बहिनीच्या डोक्यावर ठेवलं होतं, आता पोरीच्या ठेवलं.

ही चिठ्ठीबी भागिरथानं वाचायले लावली. मी वाचली. त्रेपन्न वर्सांत पयल्यांदा तिच्यासमोर ही गोष्ट तोंडातून निघाली. ते म्हनली, "तवा तू दहा वर्साचा व्हता, म्हनून म्या म्हनलं. आता त्रेसष्टचा हायेस. आता कोन म्हनंल?"

देवमन


२९ नोव्हेंबर २०२५

स्नेहा,

जय भीम. सापडलं.

परवा सकाळीच गेलो, रुमाल नाई, बाम नाई. जुनी खाकी पँट घातली, यष्टीतली. बाभळीपासून जिथंवर माहा हात फेकू शकते तिथंवरची जागा धरली अन् उकीडवा बसलो. बैल आता फुटला होता. त्याचं पानी वाहून हाडांखाली आलं होतं, हात मनगटापर्यंत त्यात. दोनदा ओकलो. तिसऱ्यांदा ओकायले पोटात काही राह्यलं नाई. बरगड्यांचा ढीग एक एक करून चाचपला, टोकावर बोट फिरवायचं अन् बाजूले टाकायचं. खाच हाय, फेक. गोळा हाय, फेक. तुहा फोटो खिशातच राह्यला, घान हातानं काढता येई ना. बोटांले काहीच विसर पडला नव्हता, याचीबी मले किळस आली.

दुपारून एक हाड हाती लागलं अन् बोट थांबलं. या टोकाले काही नाई. त्या टोकाले काही नाई. वाटी नाई, खाच नाई. कोनाच्याच शेजारचं नाई. ढोराच्या हाडापेक्षा हलकं अन् अजून तेलकट. एका टोकाले कुत्र्याचे दात लागले हायेत, बाकी साबूत. मी तिथंच घानीत बसून रडलो, ते कोनाले सांगू नको.

तू लिहिलं होतं का सापडलं तं घरी नेऊ नको, वनखात्याच्या मानसाईले बोलाव. बोलावलं. काल वाशीमहून दोघं आले, नाकाले रुमाल लावून. मोजमाप झालं, पंचनाम्याले दोन पंच पायजे म्हनले. एक पवन झाला. दुसरा मोहनसिंग, तोच, त्या दिवशी समोर बसलेला. सही करायच्या आधी तो म्हनला, "देवमनभाऊ, तुमीच तं म्हनले होते, तुमच्या घरात हाड आलं नाई."

सगळे जमले होते. भागिरथाबी काठी टेकत आली होती.

मी म्हनलो, "खोटं म्हनलो होतो. हाड पोरीनं कागदपत्रानिशी आनलं होतं. मीच इथं टाकलं."

"पन एवढ्या हाडात वळखलं कसं?"

"बहात्तर साली याच हाडकीत मी हाडं वेचली. बापानं विचारलं तवा बहिनीनं आपल्या अंगावर घेतलं. तिनं एकबी वेचलं नव्हतं. लिहून घ्या साहेब."

तो साहेब म्हनला, "ते लिहायची गरज नाही, काका." मी म्हनलो, "मले हाय." त्यानं लिहिलं. मी सही केली. मोहनसिंगनं वाचलं, माह्याकडे पाह्यलं, अन् सही केली. घरी आल्यावर भागिरथानं फक्त इचारलं, "म्हंजे आता ते सरकारी कागदावर हाय काय?" हाय म्हनलो. रातच्या जेवनात तिनं स्वतःसाठी दुसऱ्यांदा भाकर वाढून घेतली.

हाड वनखात्याच्या गाडीनं सीलबंद येऊन राह्यलं, ही चिठ्ठीबी त्याच गाडीत देतो. मी आज सांजच्या गाडीनं निघतो. एक तारखेले सकाळी तुह्या संस्थेच्या फाटकावर राहीन, पंचनाम्याची प्रत घेऊन. तुह्या साहेबाले मी समोरासमोर सांगीन, फोनवर नाई.

राखेनं हात धुतले, लिंबानं धुतले, डेटॉलनं धुतले. वास जात नाई. नखात बसला हाय. गाडीत माह्याशेजारी कोनी बसंल असं वाटत नाई. भागिरथानं दशम्या अन् ठेसा बांधून देल्ला हाय, दोघांचा. त्या दिवशी तू न जेवता गेली होती. तिथं एकच ताट घे. तुह्या अंगाले तुह्या जनावराचा वास असंल, माह्या हाताले माह्या. मले ओकारी आली तं येऊ दे, पन मी ताटावरून उठनार नाई.

तुहा बाप